सूचक

सतरंज्या एक्केचाळीस.
आकडा मले पाठ हाय, काऊन का
सभा उठली का त्या झटकाच्या, घडी कराच्या,
पंचफुलाबाईच्या धाब्याच्या खोलीत रचाच्या,
हे काम एकोणीस वर्सं तिचं, अन् बारा वर्सं माहं.
माईकवर भाऊ येवो का साहेब येवो,
बूड टेकाले सतरंजी तिचीच.

यंदा आमचं सर्कल बाईसाठी सुटलं.
सगये म्हणे, आता पंचफुलाच.
भाऊ गट म्हणे, साहेबाचे लोकं आडवे येतीन.
साहेब गट म्हणे, पोट तर भाऊचंच दुखते.
दोघायनंही तिच्या घरी चहा पेला,
तिच्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला.
लेकरू पस्तीस वर्साचं हाय, एस्टीत कंडक्टर.

शेवटच्या दिवशी तहसीलच्या निंबाखाली
एबी फारमची वाट पाहत बसलो.
फोन लागे, "गाडी निंगली."
पुन्ना लागे, "पुलगाव सोडलं."
आली तीनाले दहा कमी असतानी.
फारम खरा होता. नाव तिचं नोतं.
रेतीच्या ठेकेदाराची बायको उतरली,
दुपट्ट्यावर इस्त्रीच्या रेघा तशाच,
आदल्या रातीच पक्षात आली म्हणे.

पंचफुलाबाईनं पिशवीतून दुसरा फारम काढला.
भरून ठेवला होता, आमाले न सांगता.
पक्षाच्या रकान्यात: अपक्ष.
मले म्हणे, "तुयशीराम, तू सूचक."

ते सही तिनंच शिकवली होती,
साक्षरतेच्या वर्गात, कंदिलापाशी.
मी म्हणो, बाई, आपून तर य म्हणतो,
मंग लिहाचं काऊन ळ?
ती म्हणे, "तोंडानं य म्हण, कागदावर ळ काढ.
तोंड आपलं हाय. कागद त्यायचा हाय."

राती दोघं आले.
एक भाऊचा, एक साहेबाचा,
अकरा वर्सं बोलचाल नाई ज्यायची,
एकाच मोटरसायकलवर.
"उद्या छाननीत एवढंच म्हणजो,
सही माही नोय."
पाकीट खाटेवर ठेवलं.
मी हात लावला नाई. मोठेपणा नाई सांगत,
हाताले चुना होता.
बायकोनं वापस देल्लं, तवा मी आतच होतो.

"ही सही तुमची?"
"माही, साहेब."
"करून दाखवा."
मांगं ठेकेदाराचे दोन वकील, एकाच्या बुटाची कुरकुर.
पेन सरकला, अन् कागदावर उतरलं
तुयशीराम.
माय हाक मारे तसं.
वकील हासला, "साहेब, हा माणूसच वेगया हाय."

तवा मांगून ती बोलली,
आवाज वर्गातलाच, जराही चढला नाई:
"घाई नोको करू. वरून दांडी सोड,
मंग आडवे दोन गोल,
तुरीच्या शेंगेतल्या दाण्यावानी."

मी काढले दोन गोल. एक लहान झाला.
अधिकाऱ्यानं चष्मा काढून पाह्यलं, लावून पाह्यलं.
"मंजूर," म्हणे.

निवडून नाई आली.
अकराशे सत्तेचाळीस मतं.
ठेकेदारीन दोनशानं पडली,
तवापासून भाऊ अन् साहेब पुन्ना बोलत नाई.
बाईले सहा वर्सासाठी काढल्याचं पत्र आलं,
त्यात नाव पंचकला.

परवा एक पोरगं टेम्पो घेऊन आलं,
"पार्टीच्या सतरंज्या मांगतल्या."
तिनं मोजून देल्ल्या. एक्केचाळीस.
"पावती लिहून दे. सही कर."
पोरानं उभ्याउभ्या एक लाट ओढली, डागदरावानी.
बाईनं कागद उजेडात धरला.
"हे वाचता नाई येत, बापू. पुन्ना कर."

टेम्पो घरघरतच होता.
पोरानं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं,
मंग चाबी फिरवून आलं,
अन् बसलं खाली,
सगयात वरच्या सतरंजीवर.